फोटो नकाशावर भलतीकडेच पडतात? आधी घड्याळातला फरक मोजा

कॅमेऱ्यात जीपीएस नाही, म्हणून दिवसभर मोबाइलवर ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची वेळेसह नोंद, चालू ठेवला. घरी येऊन फोटो आणि त्या ट्रॅकची जीपीएक्स फाइल सॉफ्टवेअरच्या हवाली केली, आणि राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं (कातळातलं आरपार भोक) नकाशावर तोरण्याच्या वाटेवर जाऊन बसलं. नाहीतर सकाळचे फोटो बसले, पण दुपारनंतरच्या एकालाही जागा मिळाली नाही. पाऊस सरून ट्रेकचा हंगाम सुरू झाला की ही तक्रार ठरलेली. त्यावर बहुतेक जण करतात काय, तर नकाशा मोठा करून एकेक फोटो हाताने योग्य जागी सरकवतात. कृपा करून ते करू नका. तसं केल्याने बिघाड झाकला जातो, आणि पुढच्या ट्रेकला पुन्हा तोच उद्योग करावा लागतो.

सॉफ्टवेअरला तुमचा फोटो दिसत नसतो. कॅमेरा सांगतो, हा फोटो अमुक वाजता काढला. ट्रॅक सांगतो, अमुक वाजता मी तमुक ठिकाणी होतो. दोन्हीकडची वेळ जुळवून अक्षांश-रेखांश फोटोला चिकटवले (यालाच जिओटॅगिंग म्हणतात) की त्याचं काम संपलं. सगळा कारभार वेळेवर चालतो, त्यामुळे जागा चुकली की आधी वेळेवर संशय घ्यायचा. किती किलोमीटर चुकलं ते विसरा, किती तास आणि किती मिनिटं चुकलं ते पाहा. बहुतेक वेळा तो आकडाच बिघाडाचं नाव सांगतो.

आकडा काढायचा असा. ज्या फोटोची जागा तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे असा एक फोटो निवडा: गडाचा दरवाजा, पाण्याचं टाकं, देवळाची पायरी, वाटेवरचा पाटीचा खांब. लांबच्या डोंगराचा फोटो घेऊ नका. फोटोची जागा म्हणजे तुम्ही जिथे उभे होतात ती, समोर दिसत होता तो डोंगर नव्हे. ही बाब लक्षात न आल्यामुळेच ‘जिओटॅगिंग चुकलं’ असं ठामपणे सांगणारेही भेटतात. आता ट्रॅक जीपीएसप्रूनसारख्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडा, त्या दरवाजापाशी ट्रॅकचा जो ठिपका आहे त्यावर क्लिक करा आणि त्याची वेळ वाचा. शेजारी फोटोची एक्झिफमधली, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या माहितीतली, वेळ लिहा. मग फोटो नकाशावर प्रत्यक्षात ज्या ठिकाणी पडला, तिथल्या ठिपक्याची वेळही लिहा. खऱ्या जागेची वेळ आणि चुकीच्या जागेची वेळ, यांच्यातला फरक हा तुमचा आकडा. असाच दुसरा फोटो दिवसाच्या शेवटाकडचा घ्या. दोन्ही फोटोंत फरक सारखाच आला तर काम सोपं आहे.

साडेपाच तास

भारतातल्या बहुतेक तक्रारी इथेच सुटतात. जीपीएक्स फाइलमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. कॅमेऱ्यातली वेळ म्हणजे तुम्ही मेनूत जाऊन घातलेली भारतीय प्रमाणवेळ. ती यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. शिवाय एक्झिफमध्ये फोटोची वेळ लिहिली जाते तेव्हा ती कुठल्या देशाची ते मुळात लिहिण्याची सोयच नव्हती. वेळेचा फरक नोंदवायचा वेगळा रकाना २०१६ मधल्या एक्झिफ २.३१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या कॅमेऱ्यांच्या फोटोत नुसतं ‘६:४५’ असतं. हे ६:४५ पुण्याचे की लंडनचे, याचा सॉफ्टवेअरला अंदाज बांधावा लागतो.

दिवाळीच्या सुमाराचा राजगड-तोरणा घ्या. सुवेळा माचीच्या नेढ्यापाशी ६:४५ ला, नुकतं उजाडल्यावर फोटो काढला. त्या क्षणी ट्रॅकमध्ये नोंद झाली ०१:१५ ची, कारण यूटीसी. सॉफ्टवेअरने फोटोची ६:४५ ही वेळसुद्धा यूटीसीच समजली, तर ते ट्रॅकमध्ये ०६:४५ ची नोंद शोधणार. ती आपल्या दुपारच्या सव्वाबाराची. तेव्हा तुम्ही संजीवनी माची मागे टाकून तोरण्याकडे जाणाऱ्या दांडावर होता, म्हणून नेढं तिथे जाऊन बसलं. दुपारी एकच्या फोटोसाठी ते संध्याकाळी साडेसहाची नोंद शोधतं. तोवर तुम्ही वेल्ह्यात उतरून ट्रॅक बंद केलेला असतो, त्यामुळे त्या फोटोला जागा मिळत नाही. ‘निम्मे बसले, निम्मे नाही’ या तक्रारीचा उलगडा हा असा आहे. एक्झिफटूल (आज्ञा टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम) वापरत असाल तर ते अशा फोटोंसाठी ‘टाइम इज टू फार बियॉन्ड ट्रॅक’ असा इशारा देतं. हा इशारा कटकट म्हणून पुढे सरकवू नका, त्यातल्या ‘बियॉन्ड’ला अर्थ आहे: फोटोची वेळ ट्रॅक संपल्यानंतरची समजली गेली आहे.

‘बियॉन्ड’ऐवजी ‘बिफोर’ आला, म्हणजे सकाळचे फोटो लटकले आणि दुपारचे फोटो सकाळच्या जागी पडले, तर गाडी उलट दिशेने चुकली आहे. याची नेहमीची कारणं दोन. एक म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळच यूटीसीवर किंवा हिवाळ्यातल्या लंडनवर आहे, फोटोची वेळ उघडून पाहिलीत की ते लगेच कळतं. दुसरं कारण जास्त छुपं. काही ट्रॅकिंग अॅप जीपीएक्समध्ये स्थानिक वेळ लिहितात, पण तिच्या शेवटी यूटीसीचा शिक्का मारून मोकळे होतात.

ते ओळखायला दोन मिनिटं पुरतात. जीपीएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ती साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ठिपक्याला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ अशा नोंदी दिसतील. वेळेच्या नोंदीत आधी तारीख, मग इंग्रजी टी, मग तास-मिनिटं-सेकंद आणि शेवटी इंग्रजी झेड. हा झेड म्हणजे ‘ही यूटीसी आहे’ अशी शपथ. सकाळी सहाला चालायला सुरुवात केली असेल तर पहिली नोंद ००:३० ची हवी. तिथे ०६:०० आणि पुढे झेड दिसला, तर शपथ खोटी आहे. अशा वेळी कॅमेऱ्याचा फरक शून्य सांगितला की त्या फाइलपुरते फोटो जागेवर बसतात. पण त्या अॅपच्या सेटिंगमध्ये यूटीसीचा पर्याय सापडला नाही तर अॅप बदला. अशी फाइल दुसऱ्या कुणाला पाठवली की त्याच्याकडे ती पुन्हा डोकेदुखी होणार.

नेहमीच्या म्हणजे पहिल्या प्रकाराचा इलाज असा. डिजिकॅममध्ये फोटो निवडून जिओलोकेशन एडिटर उघडा. त्यातल्या जीपीएस कोरिलेटर टॅबमध्ये कॅमेऱ्याचा टाइम झोन ‘संगणकासारखाच’ ठेवण्याऐवजी हाताने +०५:३० निवडा. डार्कटेबलमध्ये जिओटॅगिंग मॉड्यूल लाइटटेबलमध्ये आहे. तिथल्या यादीत यूटीसी राहिलं असेल तर ‘एशिया/कोलकाता’ निवडून मग ट्रॅक लावा. लाइटरूम क्लासिकमध्ये मॅप मॉड्यूलमध्ये ट्रॅकलॉग उघडल्यावर टाइम झोनचा फरक सेट करायची सोय त्याच मेनूत आहे. एक्झिफटूलवाल्यांनी जिओटाइम या रकान्याला फोटोची मूळ वेळ देताना तिच्या शेवटी +०५:३० जोडावं. विंडोजवर तो सगळा तुकडा दुहेरी अवतरणात आणि मॅक किंवा लिनक्सवर एकेरी अवतरणात ठेवा. नाहीतर डॉलरचं चिन्ह टर्मिनलच गिळून टाकतं, आणि आज्ञा बरोबर दिसत असूनही काम होत नाही.

फोटोत टाइम झोन नसेल तर एक्झिफटूल संगणकाचा झोन धरतं. पुण्यातल्या लॅपटॉपवर त्यामुळे काहीही न सांगता सगळं जुळतं आणि हा प्रश्न आहे हेच कळत नाही. पण दिवाळीत गावाकडे येऊन, किल्ले फिरून, फोटो न्यू जर्सीला परत गेल्यावर टॅग करायला बसलात तर फरक साडेपाच तासांचा येत नाही. हिवाळ्यात तो साडेदहा तासांचा येतो आणि तिकडच्या उन्हाळी वेळेत साडेनऊ तासांचा. परदेशातल्या वाचकांना हे चमत्कारिक आकडे दिसले तर झोन सक्तीने +०५:३० सांगा, एवढाच उपाय आहे.

या आकड्याच्या आसपासचे आणखी काही आकडे ओळखीचे करून घ्या. फरक ११ तासांचा दिसला तर इलाज उलट्या चिन्हाने केला गेला आहे, उणे हवं तिथे अधिक पडलं. ३० मिनिटं उरली तर एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने फक्त पूर्ण तास घेऊन ५ किंवा ६ वर भागवलं. तिथे तासांचा रकाना शून्य ठेवून सेकंदांच्या रकान्यात १९,८०० घालता येतात का ते पाहा. १ तास दिसला तर कॅमेऱ्याच्या मेनूतला उन्हाळी वेळेचा पर्याय चुकून चालू आहे. भारतात तो कायम बंदच हवा. १२ तास म्हणजे घड्याळ लावताना सकाळ-संध्याकाळची अदलाबदल.

अर्ध्या तासाचं आणखी एक कारण नव्या कॅमेऱ्यांत सापडतं आणि ते चकवणारं आहे. घड्याळ बरोबर भारतीय वेळेवर आहे, पण कॅमेऱ्यात ‘होम’ शहर म्हणून कराची किंवा ढाका राहून गेलं आहे. फोटोवरची वेळ बरोबर दिसते. पण वर सांगितलेल्या नव्या रकान्यात कॅमेरा +०५:०० किंवा +०६:०० लिहून ठेवतो. तो रकाना मानणारं सॉफ्टवेअर फोटो अर्धा तास पुढेमागे टाकतं, आणि न मानणारं सॉफ्टवेअर बरोबर जागी. दोन प्रोग्रॅम दोन वेगळी उत्तरं देत असतील तर आधी हे शहर तपासा.

एक सावधगिरी. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असताना केवळ ट्रॅक जुळावा म्हणून फोटोंची वेळच साडेपाच तास मागे सरकवण्याचा सल्ला अजून फिरत असतो. तो मानू नका. जागा जुळेल, पण सूर्योदयाचा फोटो अल्बममध्ये पहाटे सव्वाला काढलेला दिसेल, मित्रांच्या फोटोंशी क्रम जुळणार नाही, आणि वर्षभराने हे कुणी केलं हे तुम्हालाही आठवणार नाही. झोन सॉफ्टवेअरला सांगायचा असतो. घड्याळ खरोखर चुकलेलं असेल तरच फोटोची वेळ बदला.

पहाटेचे फोटो गायब

कळसूबाईच्या सूर्योदयासाठी बारी गावातून मध्यरात्रीनंतर निघणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. रविवारी पहाटे तीनला चालायला लागलात तर यूटीसीनुसार तेव्हा शनिवारची रात्र, ९:३० वाजलेले असतात. आपल्याकडे सकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा यूटीसीची तारीख बदलते. तारखेप्रमाणे फाइली तोडणारं अॅप यूटीसी धरत असेल, तर तुमचा ट्रॅक बरोबर साडेपाचला दोन फाइलींत फाटतो. तुम्ही ‘रविवारची’ एकच फाइल दिलीत की साडेपाचच्या आधीचे टॉर्चच्या उजेडातले सगळे फोटो लटकतात. दोन्ही दिवसांच्या फाइली एकत्र द्या. डिजिकॅम आणि एक्झिफटूल दोन्ही एकाहून जास्त ट्रॅक घेतात. यात चुकलेलं काहीच नसतं, म्हणूनच शोधायला वेळ जातो.

पंधरा मिनिटं

नेपाळची वेळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे, म्हणजे आपल्याहून पाव तास पुढे. एव्हरेस्ट बेस कॅम्प किंवा अन्नपूर्णाकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींचा मोबाइल काठमांडूला उतरताच आपोआप नेपाळी वेळेवर जातो, कॅमेरा मात्र भारतीय वेळेवरच राहतो. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते घरी येऊन ‘फोटो नेपाळचे, म्हणून झोन नेपाळचा’ असं सांगितल्यावर. झोन फोटो कुठे काढला त्याचा नसतो, कॅमेऱ्याचं घड्याळ कुठल्या वेळेवर होतं त्याचा असतो. चढावर पंधरा मिनिटांत माणूस जेमतेम अर्धा किलोमीटर सरकतो, त्यामुळे ही चूक नकाशावर नजरेत भरत नाही आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. लुक्लाच्या विमानातून काढलेले फोटो तपासा, तिथे ती उघडी पडते. मधेच कॅमेऱ्याची वेळ बदलली असेल तर त्या फोटोंचे दोन गठ्ठे करून दोन वेगळे झोन द्या.

काही सेकंद, काही मिनिटं

झोन बरोबर आहे, तरी फोटो थोडे पुढे किंवा थोडे मागे पडतात. हे कॅमेऱ्याच्या घड्याळाचं वाहणं. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होत राहतं, कॅमेऱ्याचं होत नाही, आणि काही महिन्यांत ते सहज मिनिटभर इकडेतिकडे होतं. पायी चालताना ताशी चार किलोमीटरच्या वेगाने एका मिनिटाची चूक म्हणजे ६७ मीटर, बहुतेकांना चालून जाईल. पण ताशी साठच्या एसटीच्या खिडकीतून काढलेला फोटो तेवढ्याच चुकीने एक किलोमीटर सरकतो. वरंधा घाटात तो भलत्याच वळणावर दिसतो.

इलाज जुना आणि खात्रीचा: ट्रेक सुरू करताना सेकंदासह वेळ दाखवणाऱ्या मोबाइलच्या पडद्याचा कॅमेऱ्याने फोटो काढा. मोबाइलचं साधं घड्याळ सेकंद लपवतं, म्हणून उपग्रहाची माहिती दाखवणारं जीपीएस अॅप उघडा. पडद्यावरची वेळ आणि त्या फोटोच्या एक्झिफमधली वेळ, यांतला फरक तो तुमचा ऑफसेट. डार्कटेबलमध्ये असा फोटो निवडून खरी वेळ टाइप केली की तो फरक ते स्वतःच काढून देतं. एक्झिफटूलच्या जिओसिंकमध्ये कॅमेरा मागे असेल तर अधिक, पुढे असेल तर उणे लिहायचं. कॅमेरा १ मिनिट २० सेकंद मागे असेल तर +१:२०. बाकीच्या प्रोग्रॅममध्ये चिन्हाचा अर्थ उलटाही असू शकतो, म्हणून सगळ्या फोटोंवर चालवण्याआधी एका फोटोच्या प्रतीवर पाहा. एक्झिफटूल मूळ फाइल नावाला ‘ओरिजिनल’ शेपूट जोडून शेजारी ठेवतं. निकाल तपासल्याशिवाय त्या फाइली पुसू नका.

लांबच्या प्रवासात घड्याळाचा फोटो परतीच्या दिवशीही काढा. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा फरक वेगळा असेल तर एक्झिफटूलला जिओसिंक दोनदा द्या, मधल्या दिवसांचं वाहणं ते स्वतः वाटून घेतं. आणि कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली असेल तर घड्याळ मूळपदावर गेलेलं असतं. चालू करताच तारीख विचारली जाते, आणि घाईत आपण ओके दाबतो.

फरक प्रत्येक फोटोला वेगळा येतो

आतापर्यंतचे बिघाड एका आकड्याने दुरुस्त होतात. फरक सकाळी एक आणि दुपारी दुसरा असा येत असेल, काही फोटो बरोबर आणि मधलेच चुकलेले असतील, तर घड्याळ निर्दोष आहे. आता ट्रॅककडे पाहा.

नकाशावर ट्रॅक वाटेची वळणं घेत असताना एकदम लांबलचक सरळ रेघ दिसली, की तिथे नोंद झालेलीच नाही. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेलं अॅप झोपवतो. खिशात फोन, पडदा बंद, आणि अॅप मेलेलं. अॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि त्याची सूचना वरच्या पट्टीत कायम दिसत राहू द्या, ती गेली म्हणजे अॅप गेलं. बॅटरीची चिंता असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालतं. मात्र ट्रॅक एसटी स्टँडवर किंवा पायथ्याच्या गावात, नेटवर्क असतानाच सुरू करा. नेटवर्कवरून उपग्रहांची माहिती लगेच मिळते. ती नसली की फोनला सगळं आकाशातून ऐकत बसावं लागतं, आणि घळीत उभं राहून ते फार वेळ चालतं.

अशा रिकाम्या जागी सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ मारून अंदाजाने फोटो बसवतं. एक्झिफटूल अर्ध्या तासापर्यंतच्या, म्हणजे १,८०० सेकंदांच्या खंडात हे करतं. सपाटीवर ठीक आहे. पण वाट कड्याला वळसा घालून जात असेल तर फोटो सरळ दरीत हवेत लटकतो. तिथे मर्यादा कमी करा, चुकीच्या जागेपेक्षा जागा नसलेली परवडली.

उलट बाजूचा प्रकार फोटोग्राफर लोकांना जास्त छळतो. बॅटरी वाचावी म्हणून अॅपमध्ये ‘२० मीटर सरकल्याशिवाय नोंद नको’ अशी अट घातलेली असते. तुम्ही कोकणकड्यावर ढग हटायची वाट पाहत पाऊण तास एकाच जागी बसता. जागचे हलला नाहीत, म्हणून नोंदच नाही. खंड सॉफ्टवेअरच्या मर्यादेच्या वर गेला, तर ते हात वर करतं. ट्रेकमधले सगळ्यात चांगले फोटो नेमके त्या पाऊण तासात काढलेले असतात. इथे मर्यादा बिनदिक्कत वाढवा, कारण तुम्ही हललाच नव्हता हे तुम्हाला माहीत आहे. एक्झिफटूलमध्ये हे पर्याय जिओमॅक्सइंटसेक्स आणि जिओमॅक्सएक्स्टसेक्स या नावांनी सापडतील. डिजिकॅममध्ये कोरिलेटर टॅबमध्येच इंटरपोलेशनची (मधली जागा अंदाजाने भरण्याची) खूण आणि त्याची मिनिटांतली मर्यादा आहे. पुढच्या वेळी अंतराची अट काढून दर दहा-पंधरा सेकंदांनी नोंद ठेवा.

सांदण दरीसारख्या ठिकाणी मात्र कुठलीच सेटिंग कामाला येत नाही. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधे आकाशाची चिंचोळी पट्टी. जे काही सिग्नल येतात त्यातले बरेचसे कातळावर आपटून येतात आणि ट्रॅक दारू प्यायल्यासारखा दोन्ही काठांवर झोकांड्या खातो. असे वेडेवाकडे ठिपके जीपीएसप्रूनमध्ये निवडून पुसा. दरीत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा असे खात्रीचे ठिपके ठेवा, आणि मधलं सरळ रेघेवर सोडा. दरी जवळपास सरळ असल्याने ते खऱ्याच्या जास्त जवळ जातं.

एकही फोटो जुळत नाही

मग ट्रॅकमध्ये वेळच नसेल. कुणीतरी पाठवलेली किंवा नकाशावर आखलेली वाट जीपीएक्सच असते, पण ती चालण्यासाठीची आखणी, चालल्याची नोंद नव्हे. नोटपॅडमध्ये उघडून ठिपक्यांना वेळ आहे का पाहा. हातात धरायच्या जुन्या जीपीएस यंत्रांपैकी काहींत ट्रॅक ‘सेव्ह’ केला की वेळा गळून जातात आणि ठिपकेही विरळ होतात. तिथे सेव्ह न करता चालू ट्रॅक जसाच्या तसा उतरवून घ्यावा लागतो.

वेळ आहे, पण साल भलतंच? जुना जीपीएस लॉगर वापरत असाल आणि २०२५ च्या नोव्हेंबरातला ट्रॅक २००६ च्या मार्च-एप्रिलमधला दिसत असेल, तर यंत्र बिघडलेलं नाही. जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजतात आणि १,०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. हे शेवटचं ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडलं. यंत्रातलं जुनं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) ते ओळखत नाही आणि तारीख साडेएकोणीस वर्षांहून थोडी जास्त मागे लिहितं. जीपीएसबॅबेल या ट्रॅक फाइली बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या ट्रॅक फिल्टरमध्ये ‘मूव्ह’ने ७,१६८ दिवस मिळवले की तारीख जागेवर येते. सेकंद-मिनिटं बरोबरच असतात.

टॅग झाला, पण दिसत नाही

लाइटरूममध्ये नकाशावर फोटो बरोबर दिसतो, पण फाइल दुसरीकडे उघडली की जागा रिकामी. कारण ती माहिती अजून लाइटरूमच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्येच आहे, फोटोच्या फाइलमध्ये नाही. फोटो निवडून ‘सेव्ह मेटाडेटा टू फाइल’ करा. रॉ फाइल असेल तर माहिती शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये जाते. फोटो दुसरीकडे नेताना ती मागे राहिली की जागाही मागे राहिली. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला तर एक्झिफ पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. आणि अँड्रॉइड १० पासून फोटोतली जागा वाचायला अॅपला वेगळी परवानगी लागते. ती दिली नसेल तर जागा फोटोत असूनही अॅपला दिसत नाही. ‘टॅगिंग फसलं’ म्हणून पुन्हा सगळं करायला बसण्यापूर्वी तोच फोटो संगणकावर एक्झिफटूलने तपासा.

उंचीचं काय करायचं

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि फोटोत उंची दिसते १,५८० च्या आसपास. अलिबागच्या किनाऱ्यावर तर उणे साठ! हा घड्याळाचा दोष नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठेक मीटर किंवा त्याहून खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खड्डा शंभर मीटरच्याही पुढे जातो. काही अॅप ही वजाबाकी स्वतः करून समुद्रसपाटीपासूनची उंची लिहितात, काही जशीच्या तशी उंची लिहून मोकळे होतात. अॅपच्या सेटिंगमध्ये जिऑइडची, म्हणजे समुद्रसपाटीच्या या फरकाची, दुरुस्ती असेल तर चालू करा. नसेल तर उंचीच्या रकान्याकडे दुर्लक्ष केलेलंच बरं, अक्षांश-रेखांशांना त्याची झळ लागत नाही.

ट्रॅकच नसेल तर

फोन बंद पडला, नोंद नाही. तरी गटातल्या कुणाचाही ट्रॅक चालतो. उपग्रहाची वेळ सगळ्यांच्या फोनला एकच असते, त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्याचा ऑफसेट तोच राहतो. फक्त त्या व्यक्तीपासून फार पुढे-मागे होतात तेवढा वेळ वगळा. कुणीच ट्रॅक ठेवला नसेल तर मोबाइलने काढलेले फोटो मागवा, व्हॉट्सअॅपवर नव्हे, मूळ फाइली. त्यांत जागा आणि वेळ दोन्ही असतात. एक्झिफटूल त्यांच्यापासून जीपीएक्स बनवून देतं, आणि ठिपके विरळ असले तरी तासाभराच्या चढाईत चार-पाच फोटो सापडले की कॅमेऱ्यातले बहुतेक फोटो निदान योग्य सोंडेवर येतात. मोबाइलमधली लोकेशनची खूण बंद ठेवणारे मित्र असतील तर मात्र इलाज नाही. तेव्हा नकाशा उघडून हातानेच टाका, आणि तेही फक्त महत्त्वाचे.